बिनलोखंडाची गाडी

मिरची आली. हे कुणी सांगावं लागत नाही. सकाळी खिडकी उघडली की पहिला श्वास घशाशी अडतो, दुसऱ्याला ठसका लागतो, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या त्या मोकळ्या मैदानांवर, लाल सडा पडलेला असतो आणि उन्हं चढली की सगळं नंदुरबार शिंकतं. सून म्हणते, "अप्पा, खिडकी लावा ना." मी म्हणतो, "राहू दे गं, दहा मिनिटं." तिला वाटतं म्हाताऱ्याचा हट्ट आहे. असेलही. पण या ठसक्याबरोबर माझी एक जुनी थंडी परत येते, आणि तिला दारातून परत पाठवणं मला जमत नाही.

ती थंडी सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराची. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही पश्चिम खानदेशातले. माझे वडील पथारीवर मजुरीला होते. सकाळी मिरची पसरायची, दुपारी फावड्याने परतायची, संध्याकाळी ढीग करून झाकायचा. त्यांचे डोळे चार महिने लाल असत आणि उरलेले आठ महिने त्या चार महिन्यांची आठवण ठेवून असत. त्यांचा मी मुलगा, बी.एस्सी. झालो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला, आणि कॉलेजात जाणारा तर आख्ख्या गल्लीतला पहिला. हे मी आजही सांगतो, आणि सांगताना लाजत नाही. निकाल कळला तेव्हा वडील पथारीवरून उठून तसेच बाजारात गेले आणि माझ्यासाठी कातडी पट्टा घेऊन आले. चकचकीत बक्कल असलेला. "आते नाडी नको बांधू," म्हणाले. त्यांच्या हातांची मिरची पट्ट्याला लागली होती. पहिल्या दिवशी दिवसभर पोट चुरचुरत होतं आणि मी तो काढला नाही.

आणि पहिल्याच नोकरीत तो काढून ठेवावा लागला.

नोकरी कोणती, हे वडिलांना शेवटपर्यंत नीट समजावता आलं नाही. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे, तो स्थिर नसतो, सूर्याकडून जे येतं त्याने तो हलतो, आणि ते हलणं जमिनीवर बसून मोजायचं. त्या दोन-तीन वर्षांत सूर्यावर डाग फार होते. जगात ठिकठिकाणी अशी मोजणी चालली होती. मुंबईच्या एका संस्थेने एका हंगामापुरतं एक केंद्र तापीकाठच्या एका गावात मांडलं, कारण तिथे रेल्वे जवळ नव्हती, वीज आली नव्हती, यंत्राचा आवाज म्हणून काय तो एका पिठाच्या चक्कीचा, आणि तीही गावाच्या पलीकडच्या टोकाला. तिथे निरीक्षक म्हणून मी. तीन महिने मुंबईत शिकलो, आणि मिरची खुडायला आली त्या सुमाराला गावात हजर झालो.

केंद्र नरोत्तमकाकांच्या वावरात. ते गुजर शेतकरी, घरी गुजरी बोलत, बाहेर आमच्यासारखीच अहिराणी. ऊस, केळी, थोडा कापूस. पन्नाशीचे, सडसडीत, डोक्याला पांढरी टोपी. गावात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्याकडे येत, कारण नरोत्तमकाका एकदा "तुन्ही पाळी मंगळवारले" म्हणाले की सोमवारी स्वतःचा ऊस वाळत असला तरी ते पाण्याला हात लावायचे नाहीत. त्यांच्याकडे पैसाअडका होता तसा दुसऱ्यांकडेही होता. त्यांच्याकडे शब्द होता.

साहेबांनी, म्हणजे मुंबईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी, त्यांना अट सांगितली. केंद्राच्या चारी बाजूंना शंभर पावलं चुन्याची रेघ. रेघेच्या आत लोखंड नको. खिळा नको, कोयता नको, नांगराचा फाळ नको, गाडी नको.

"सुई नी टाचणीबी नको?" काकांनी विचारलं.

"टाचणीही नको."

"बरं," काका म्हणाले. "दिन्ही जबान."

बस्स. ना कागद, ना सही. त्यांच्या गाडीवाटेचा सरळ रस्ता त्या रेघेतून जात होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांची उसाची गाडी नाल्याकडून वळसा घालून जायला लागली. अख्ख्या हंगामात.

ते घर उभं राहताना बघायला गाव लोटलं. शेजारच्या गावचा सुतार बोलावला होता. खिळा एकही वापरायचा नाही म्हटल्यावर तो आधी हसला, मग साहेबांचा चेहरा बघून गप्प झाला, आणि मग त्याला ईर्ष्या चढली. बाभळीच्या खुंट्या, सागाची चौकट, वाखाचे दोर, दाराला पितळी बिजागरी. मातीच्या दोन भिंती, एकीच्या आत एक, म्हणजे आतली हवा दिवसा तापू नये आणि पहाटे गारठू नये. वर पाचटाचं, उसाच्या वाळक्या पाल्याचं छप्पर. गावाने त्याचं नाव सुईघर ठेवलं. चक्कीवाला रामदास, ज्याच्या जिभेला अजिबात धरबंद नव्हता, मला बघितला की हाक मारायचा, "काय ग्रॅजवेट, तुन्ही सुई आज काय खाई ऱ्हायनी?"

माझ्या पट्ट्याची बक्कल लोखंडी. तो गेला खुंटीवर. नरोत्तमकाकांच्या पत्नी संतोककाकींनी सुताची नाडी वळून दिली आणि म्हणाल्या, "शिकीसन काय फायदा व्हयना, भाऊ? आमना गोठाना गड्यासारखाच दिसी ऱ्हायना." घड्याळ बाहेर, किल्ल्या बाहेर, शर्टाची एक गुंडी पत्र्याची निघाली तीही बाहेर. रोज सकाळी आठाला मी असा सैल, नाडी बांधलेला, अनवाणी त्या अंधाऱ्या खोलीत शिरायचो आणि मला वाटायचं, देवळात लोक याहून जास्त काय करतात?

आत काय होतं सांगतो. केसाहून बारीक धाग्याला टांगलेलं नखाएवढं लोहचुंबक. त्याला चिकटवलेला इवलासा आरसा. आरशावर दिव्याची तिरीप, ती परतून एका नळकांड्यावर पडायची. नळकांड्यावर फोटोचा कागद. नळकांडं दिवसात एक फेरा पुरा करी. चुंबक तसूभर हललं की तिरीप हले, आणि कागदावर रेघ उमटे. सकाळी कागद काढायचा, नवा लावायचा, जुना औषधात धुवायचा. पाण्यात हळूहळू रेघ वर येताना बघणं यासारखं सुख मला त्यानंतर फार थोड्या गोष्टींनी दिलं.

शांत दिवसाची रेघ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी असते. रात्रभर सपाट. उन्हं चढू लागली की थोडी वर सरकते, दुपारी बाराच्या आसपास तिचा उंचवटा, आणि उन्हं कलली की परत खाली. सूर्य वरची हवा तापवतो, त्या हवेत विजेचे प्रवाह वाहतात, त्यांची ही खूण. म्हणजे पथारीवर वडील मिरची परतत असायचे त्याच घटकेला, त्याच उन्हाने माझी रेघ वर चढत असायची. हे लक्षात आलं त्या दिवशी मी वडिलांना पत्र लिहिलं. वाचून दाखवणाऱ्याने ते कसं वाचलं कोण जाणे, उत्तर आलं, "ऊन बरं शे. मिरची चांगली वाळी ऱ्हायनी. तब्येत संभाळ."

मी त्या पत्रावर हसलो होतो. आज नाही हसत. ऊन बरं आहे, याहून अचूक निरीक्षण माझ्या वहीतही नव्हतं.

आणि मग वादळ. साहेबांनी शिकवलं होतं: सूर्यावर कधी स्फोट होतो, त्यातून कणांचा लोंढा सुटतो, दिवस-दोन दिवसांत तो पृथ्वीपर्यंत येतो. आज त्याला सौरवारा म्हणतात. तो तसा सतत वाहतच असतो, कधी मंद, कधी असा उसळून. पृथ्वीचा चुंबकपणा त्याला बाहेरच्या बाहेर अडवतो, पण लोंढा जोराचा असला की ती अदृश्य भिंत आत दाबली जाते, आणि जमिनीवर टांगलेली सुई एकाएकी उडी मारते. मग हळूहळू वर आकाशात पृथ्वीभोवती विजेच्या प्रवाहाचं कडं तयार होतं आणि सुई घसरत जाते, पहिल्या पातळीच्याही खूप खाली. किती? शंभरात एक भागसुद्धा नाही. एवढं बारीक. म्हणून तर खिळ्याला बंदी.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

पौषातली ती सकाळ. आदल्या दिवशीचा कागद पाण्यात घातला. रेघ आली. सपाट, सपाट, मग दहाच्या थोडं पुढे ताडकन उभी. आणि तिथून जी थरथरत, घसरत निघाली ती कागदाची खालची कड सोडून बाहेरच गेली. वाटलं, सुईला धक्का बसला, धागा तुटला, संपलं. महिनाभराचं काम आणि माझं नाव, दोन्ही गेलं.

बाहेर आलो, सुईघराला फेरी मारली, आणि मागच्या बाजूला काय बघतो? पाचटाच्या भाऱ्यांचा ढीग. काल सकाळी मी गावात जेवायला गेलो होतो, नऊ ते अकरा, तेव्हा तो नव्हता. आणि चुन्याच्या रेघेतून थेट आत आलेली, परत गेलेली गाडीची चाकोरी. ओल्या मातीत दोन पट्टे, रुंद, कडांना गोल.

त्या गोल कडा मी पाहिल्या. आज सुद्धा डोळ्यांपुढे आहेत. गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला त्या बघून जे कळलं असतं ते मला कळलं नाही, कारण मी चाकोरी वाचायला शिकलोच नव्हतो. मी पुस्तकं वाचायला शिकलो होतो.

कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं: बैलगाडी आत आल्यामुळे बिघाड. आणि तसाच, नाडी बांधलेला, पारावर गेलो. सकाळची वेळ, सात-आठ माणसं बसलेली. रामदास चक्की सुरू करायच्या आधी विडी ओढत होता. नरोत्तमकाका टोपी मांडीवर ठेवून कुणाशी तरी पाटाच्या पाण्याचं बोलत होते.

"काका, काल तुमची गाडी रेघेच्या आत आली होती?"

"उनी व्हती. पाचट टाकं. तुन्हा साहेब म्हने, भिंती तापतस."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मन्हं लोखंड नही उनं," ते म्हणाले.

आता इथे एक प्रश्न विचारायचा होता. एकच. तो मी विचारला नाही. मी म्हणालो, आणि मोठ्याने म्हणालो, "लोखंडाशिवाय गाडी असते का काका? कागद खोटं बोलत नाही."

रामदास फस्सकन हसला. "काका, तुम्हनी गाडी काय तुपनी शे?" बाकीचेही हसले. सगळ्यांना ठाऊक होतं की चाकावर लोखंडी धाव, म्हणजे कडेची पट्टी, चढवल्याशिवाय गाडी वाटेला लागत नाही. त्यात काकांचा शब्द मोडलेला सापडणं, हा तर गावाला वर्षभर पुरणारा विषय.

काकांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि उठून गेले. ज्याच्याशी ते पाण्याचं बोलत होते तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मन्ही पाळीनं बी काय खरं मंग?"

त्या वाक्याने मला बोचायला हवं होतं. बोचलं नाही. मी खरं बोललो होतो ना! मिरची परतणाऱ्याचा मुलगा, भर पारावर, गावच्या मोठ्या माणसाला, पुराव्यासकट. खरं सांगतो, परतताना माझी छाती थोडी पुढे होती.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचे कागद घेऊन नंदुरबारला गेलो, रेल्वेच्या पार्सलने मुंबईला पाठवायला. वाटेत पथारीवर वडिलांना भेटलो. ते कमरेतून वाकून मिरची परतत होते, मी त्यांच्यापुढे उभा राहून पारावरची हकिकत सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंग त्या काय म्हननात?" मी म्हणालो, काय म्हणणार, गप्प बसले. वडील परत मिरचीकडे वळले. "गप बसनात," असं स्वतःशीच म्हणाले.

स्टेशनात तारबाबू वैतागलेला होता. मी पार्सल बांधायला सुतळी मागितली तर म्हणाला, "सुतळी नंतर. आधी मला सांग, तू शास्त्रवाला ना? परवा सकाळी काय झालं होतं? लाइनवर कुणी नाही, मी हात लावलेला नाही, आणि यंत्राचा काटा आपला कापतोय. सुरतला विचारलं, त्यांच्याकडे तेच. भुसावळला विचारलं, तेच. दिवसभर धड एक तार गेली नाही."

"परवा किती वाजता?"

"दहाच्या पुढे. सवादहा धर."

सुतळी हातात तशीच राहिली. मी फलाटावरच्या बाकावर बसलो आणि गुंडाळी सोडली. सवादहाची उडी. सुरत ते भुसावळ, सगळ्या तारेवर. जमिनीतला चुंबकपणा झपाट्याने हलला की लांबच लांब तारेत आपोआप वीज चालू लागते, हे सुद्धा मला पाठ होतं. आणि आज सकाळचा कागद, जो मी नीट बघितलाही नव्हता: रेघ परत कागदावर आली होती, अजून खाली होती, कापत होती, पण सावकाश, फार सावकाश वर चढत होती. धागा तुटलेली सुई वर चढत नाही. गाडी जवळून गेली की रेघ क्षणभर हलते आणि गाडी गेली की जागेवर येते, दिवसभर कापत राहत नाही. हे वादळ होतं. चांगलं दांडगं वादळ. नऊ कोटी मैलांवरून निघून ते नरोत्तमकाकांच्या वावरात उतरलं होतं, मी ते पकडलं होतं, आणि त्याच्या कडेला लिहिलं होतं, बैलगाडी.

शाळेत असतो तर आनंदाने उडी मारली असती. मला पारावरचं हसू ऐकू येत होतं.

पार्सल न पाठवता मी परतलो. सरळ काकांच्या घरी. काका वावरात होते. संतोककाकी अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी "ये" म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

"काकी, पाचट कोणत्या गाडीतून आणलं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हाताने गोठ्याकडे दाखवलं. "तठे शे. जाय, देख."

गोठ्याच्या भिंतीला दोन लोखंडी धावा टेकवून ठेवल्या होत्या. शेजारी गाडी. चाकं उघडी, लाकडाच्या कडा घासून गोल झालेल्या. आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, लोखंडाचा नव्हता, बाभळीचा होता, जुना, काळा पडलेला. चाक निसटू नये म्हणून लावायची खीळ बाभळीची. जिथे जिथे बोल्ट असतो तिथे तिथे सुताराच्या हातची खुंटी. मी गुडघ्यावर बसून एक एक सांधा चाचपत गेलो. एक टाचणीएवढं लोखंड सापडलं नाही. बैलांच्या पायांचं मनात आलं, नालांचं. मागून काकी म्हणाल्या, "नाल बी काढात. बैल दोन दिन लंगडनात."

मी वळलो. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "सासराना आजाना आख, वर माळ्यावर पडेल व्हता. तीन दिन तुन्हा काका नी सुतार खपनात. माले म्हनेत, पोऱ्यानी खोली तापस, त्याना साहेब त्याले बोलस. आन तू भर पारवर..." त्यांनी सूप उचललं आणि शेंगा पाखडायला लागल्या.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी पारावर तीच माणसं होती. काका नव्हते. दोन दिवस ते पाराकडे फिरकले नव्हते. पाण्याची पाळी ठरवायला लोक दुसऱ्याकडे गेले होते, आणि आपसात भांडून परतले होते. मी काकांच्या वावरातून त्यांना घेऊन आलो. म्हणजे, ते येत नव्हते. "कसाले?" म्हणाले. मी म्हणालो, "काका, जिथे बोललो तिथेच बोलायचंय." तेव्हा आले, माझ्यापासून चार हात अंतर ठेवून.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. गाडी लाकडाची होती, धावा काढलेल्या होत्या, नाल काढलेले होते, ज्याला बघायचं त्याने गोठ्यात जाऊन बघावं. सुई हलली ती सूर्यामुळे. नंदुरबारची तार हलली, सुरतची हलली, भुसावळची हलली. काकांचा शब्द हलला नाही. चूक माझी. शिकलेल्या माणसाची.

कुणी हसलं नाही. रामदासने विडी विझवली. तोच म्हणाला, "नाल बी काढात? ओ काका, मंग तोंडमा काय मूग धरेल व्हतात का? सांगतात ना तव्हयच!"

"मन्ही जबान मीच साबित करू का, रामदास?" काका म्हणाले. "मंग ती जबान कसानी?"

मग माझ्याकडे वळले. "कागद कोठे शे?"

मी गुंडाळी उलगडली. त्यांनी ती उडी बघितली, बोट न लावता. "हाई सूर्यानं करं?"

"हो."

"इतला दूरथून?"

"हो काका. दोन दिवसांची वाट चालून."

"आन मन्हा वावरमा उतरना." त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. मग त्यांची नजर कडेच्या पेन्सिलीवर गेली. मराठी त्यांना सावकाश का होईना वाचता येत होतं. मी घाईने म्हणालो, "हे आत्ता खोडतो." रबर खिशातच होतं.

"खोडू नको," काका म्हणाले. "खोडशी त लोके म्हनतीन, काय लपाडं? ऱ्हाऊ दे. खाले लिख."

साहेबांनीही हेच शिकवलं होतं: नोंद कधी पुसायची नाही, एक आडवी रेघ मारायची आणि खाली खरं लिहायचं. त्यांना ते कुणा मोठ्या प्रयोगशाळेत शिकवलं असेल. काकांना कुणी शिकवलं, मला माहीत नाही. पारावर बसून, सगळ्यांदेखत, शाईने लिहिलं: निरीक्षकाची चूक. गाडी बाभळीच्या आखाची, बिनलोखंडाची होती. चुंबकीय वादळ, सवादहापासून. ते रामदासने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. पुढच्या खेपेला साहेबांनी ती नोंद बघितली, चष्मा पुसला, आणि खाली स्वतःची सही केली. माझ्या अनेक प्रमाणपत्रांवर मोठ्या लोकांच्या सह्या आहेत. त्यांतली मला सगळ्यांत जास्त आठवते ती ही, माझ्या चुकीखालची.

नंतर मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उपग्रह वर गेले, सौरवारा बाहेर जाऊन मोजून आले, आता म्हणे तो उसळला की विमानांचे मार्ग बदलतात, परदेशात गावंच्या गावं अंधारात जातात. मी वर्तमानपत्रात वाचतो आणि मनात म्हणतो, बाबांनो, ते ठीक. पण तो जमिनीवर पोचतो म्हणजे कुठे पोचतो? कुणाच्या तरी वावरात. तिथे चुन्याची रेघ पाळणारा एक माणूस लागतो, रेघेबाहेर कोयते ठेवून आत येणाऱ्या ऊसतोड बाया लागतात, खिळ्याशिवाय घर बांधणारा सुतार लागतो. ती सुई स्वच्छ हलली, कारण एक अख्खं गाव चार महिने वळसा घालून चाललं. मला पदवीने सुई वाचायला शिकवलं. बाकीचं मला त्या लोकांनी फुकट दिलं, आणि मी ते घेतलं, आणि त्याचं ओझं मला कधी जड झालं नाही.

पण त्या संध्याकाळी काका लगेच निवळले असं मात्र नव्हे. पारावरून उठताना त्यांनी विचारलं, "आते तुन्ही सुई जागावर कव्हय ई?"

म्हटलं, "वेळ लागतो काका. पडते एका दिवसात. चढायला तीन-चार दिवस घेते."

"मंग माले बी चार दिन दे," ते म्हणाले, आणि गेले.

दिले. दुसरं हातात काय होतं? रोज सकाळी कागद धुतला, रोज रेघ थोडी वर. संतोककाकींकडून जेवण येत होतं पण निरोप येत नव्हता. चौथ्या दिवशी रेघ जवळजवळ आपल्या जागी होती, दुपारचा उंचवटा पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला होता. पाचव्या सकाळी मी कागद बदलून बाहेर आलो तर चुन्याच्या रेघेपाशी गाडी उभी. पाचटाचे भारे लादलेली. काका जुवावर हात ठेवून उभे, आत न येता.

मी रेघेपर्यंत गेलो. विचारणं माझं काम होतं.

"काका, चाकाला काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हसले. तोंडभर.

"आते इचारं!" ते म्हणाले. "बाभूय शे, भाऊ. सरक, येऊ दे माले."